बाळाच्या केसाने बांधलेले अंडे

न्यूटचे अंडे मोहरीच्या दाण्याहून फारसे मोठे नसते. ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, तान्ह्या बाळाच्या जावळातला एक केस घ्यायचा, त्याचा फास करून अंड्याभोवती टाकायचा आणि श्वास रोखून तो जरा जरा आवळत न्यायचा. जास्त ओढला तर अंडे फुटते. कमी ओढला तर काहीच होत नाही. हान्स श्पेमान या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने अशा कामात अनेक वसंत ऋतू घालवले. न्यूट वसंतातच अंडी घालतो, त्यामुळे एक हंगाम हुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागे.

१९९६ साली स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्मली आणि पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या पेशीपासून त्याचीच प्रतिकृती घडवता येते, हे जगाला कळले. त्या प्रयोगाची कल्पना मात्र जुनी होती. श्पेमान यांनी ती १९३८ साली आपल्या पुस्तकात मांडून ठेवली होती. स्वतःच्या हाताने ती तडीस नेणे त्यांना जमले नाही, कारण तेवढी सूक्ष्म साधने तेव्हा नव्हती आणि त्यांच्याजवळ वेळही उरला नव्हता.

पुस्तकांच्या दुकानातून प्रयोगशाळेत

श्पेमान यांचा जन्म २७ जून १८६९ रोजी श्टुटगार्टमध्ये झाला. वडील प्रकाशक होते आणि हान्स हे चार भावंडांतले थोरले. शाळा संपल्यावर त्यांनी वर्षभर वडिलांच्या व्यवसायात काम केले, नंतर घोडदळात सक्तीची लष्करी सेवा केली आणि पुन्हा काही काळ पुस्तकविक्रीत घालवला. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८९१मध्ये, त्यांनी हायडेलबर्ग विद्यापीठात वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला. तिथे गुस्टाफ वोल्फ या संशोधकाशी त्यांची गाठ पडली. न्यूटच्या डोळ्यातले भिंग काढून टाकले तर बुबुळाच्या कडेपासून नवे भिंग तयार होते, असे वोल्फ यांना आढळले होते. जिथे मुळात भिंग तयार होत नाही, त्या जागेला ते घडवण्याचे ज्ञान आले कुठून? हा प्रश्न श्पेमान यांच्या मनात घर करून राहिला.

डॉक्टर होण्याचा विचार सोडून ते १८९४मध्ये व्यूर्त्सबुर्गला प्राणिशास्त्राकडे वळले. त्यांचे मार्गदर्शक थिओडोर बोवेरी हे पेशीतील गुणसूत्रांचे मोठे अभ्यासक होते. भौतिकशास्त्र त्यांना विल्हेल्म राँटगेन यांच्याकडे होते. श्पेमान यांना डॉक्टरेट मिळाली ते साल १८९५. त्याच वर्षाच्या अखेरीस राँटगेन यांना त्याच विद्यापीठात क्ष-किरणांचा शोध लागला.

पुढच्याच वर्षी श्पेमान यांना क्षयाने गाठले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२मध्ये शोधला होता, पण त्यावर औषध यायला अजून निम्मे शतक बाकी होते. मोकळी हवा, सकस अन्न आणि सक्तीची विश्रांती एवढाच उपचार. १८९६च्या हिवाळ्यात आरोग्यधामात पडून असताना त्यांनी ऑगस्ट वाइझमान यांचे आनुवंशिकतेवरील पुस्तक वाचून काढले. आजारातून ते बरे झाले, पण पुस्तकाने मागे लावलेला प्रश्न आयुष्यभर सुटला नाही.

वाटणीचा सातबारा

एका फलित अंड्याच्या दोन पेशी होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. काही दिवसांत त्यांतल्या काहींची त्वचा होते, काहींचा मेंदू, काहींचे आतडे. एकाच पेशीची लेकरे इतकी वेगळी कशी होतात? वाइझमान यांचे उत्तर असे होते: अंड्यात संपूर्ण शरीराचा आराखडा असतो आणि प्रत्येक विभाजनात त्याची वाटणी होत जाते. आजोबांच्या नावावर सगळे शिवार असावे आणि पिढीगणिक वाटण्या होत नातवाच्या हाती एखादा वाफाच उरावा, तसे. त्वचेच्या पेशीकडे केवळ त्वचेचा हिस्सा उरतो, आतड्याच्या पेशीकडे आतड्याचा.

हे खरे असेल तर वाढलेल्या पेशीपासून पुन्हा अख्खा प्राणी घडणे शक्यच नाही. उलट, प्रत्येक वारसाकडे सगळ्या जमिनीच्या सातबाऱ्याची पूर्ण नक्कल असेल आणि तो आपल्यापुरतीच ओळ वाचत असेल, तर निदान तत्त्वतः कोणत्याही पेशीपासून सगळे काही पुन्हा उभे करता येईल. पुढे झालेल्या क्लोनिंगचा सारा वाद या एका प्रश्नात सामावला आहे.

तोवर झालेल्या प्रयोगांत एकमत नव्हते. विल्हेल्म रू यांनी १८८८मध्ये बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातील एक पेशी तापलेल्या सुईने मारली, तेव्हा उरलेल्या पेशीपासून अर्धाच भ्रूण तयार झाला. वाटणीच्या बाजूने हा पुरावा होता. नंतर हान्स ड्रीश यांनी समुद्रसाळूच्या भ्रूणाच्या दोन पेशी हलवून सुट्या केल्या, तर प्रत्येकीपासून लहानशी पण पूर्ण अळी तयार झाली. हा वाटणीविरुद्ध पुरावा. रू यांच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटूनच राहिली होती, हा त्यातला कच्चा दुवा होता. पेशी मारण्याऐवजी नीट वेगळी करायला हवी होती.

श्पेमान यांनी त्यासाठी न्यूट निवडला. हा बेडकाच्याच वर्गातला, म्हणजे उभयचर प्राणी, मात्र शेपटीमुळे पालीसारखा दिसणारा. आपल्याकडे तो महाराष्ट्रात आढळत नाही. त्याचा एक भाऊबंद दार्जिलिंगच्या डोंगरांत राहतो. त्याची अंडी युरोपातल्या डबक्यांत सहज मिळत. त्यांवर चालणारी हत्यारे मात्र बाजारात नव्हती. श्पेमान यांनी ती स्वतःच घडवली. काचेची कांडी ज्योतीवर तापवून ताणली की केसाहून बारीक सुई होई. काचेच्या नळीचे टोक तसेच ओढून बारीक पिचकारी होई. तान्ह्या बाळाचा केस बारीक, मऊ आणि तरीही चिवट असतो, म्हणून फासासाठी त्याची निवड झाली.

फास कसा बसतो यावर सगळे अवलंबून होते. भावी शरीराच्या डाव्या-उजव्या अंगांच्या मधोमध तो पूर्ण आवळला तर दोन जुळे न्यूट तयार होत. अर्धवट आवळला तर एक धड आणि दोन डोकी असलेले पिल्लू होई. आडव्या दिशेने, म्हणजे भावी पाठ एका बाजूला आणि पोट दुसऱ्या बाजूला राहील असा आवळला, तर पाठीकडच्या अर्ध्यापासून पूर्ण भ्रूण होई आणि पोटाकडच्या अर्ध्यापासून मेंदू नाही, कणा नाही असा निव्वळ गोळा.

दोन्ही अर्ध्यांत केंद्रके सारखीच होती. तरीही एका अर्ध्याला जीव घडवता आला आणि दुसऱ्याला नाही. म्हणजे पाठीकडच्या भागात काहीतरी खास होते. ते काय, हे उलगडायला आणखी वीस वर्षे लागली.

पुलावरून गेलेले केंद्रक

केसाच्या फासाचाच एक प्रयोग क्लोनिंगच्या इतिहासात पहिला मानावा असा आहे. श्पेमान यांनी तो १९२८ साली सविस्तर प्रसिद्ध केला. अंडे नुकतेच फलित झाले आहे, अजून एकही विभाजन झालेले नाही, अशा वेळी त्यांनी फास इतकाच आवळला की अंड्याचा आकार डंबेलसारखा झाला. केंद्रक एका बाजूला राहिले, दुसऱ्या बाजूला केवळ पेशीद्रव आणि दोन्हींना जोडणारा अरुंद पूल. केंद्रकाची बाजू विभागू लागली: दोन पेशी, चार, आठ, सोळा. दुसरी बाजू जशीच्या तशी पडून होती. मग सोळांपैकी एक केंद्रक त्या पुलावरून रिकाम्या बाजूला सरकले. श्पेमान यांनी लगेच फास पूर्ण आवळून दोन्ही बाजू वेगळ्या केल्या.

रिकामी बाजूही विभागू लागली आणि दोन्हींपासून पूर्ण न्यूट तयार झाले, एक थोडा मोठा, दुसरा वाढीत किंचित मागे. चार विभाजने झाल्यावरही केंद्रकाकडे अख्खा सातबारा शाबूत होता. वाइझमान यांचा वाटणीचा सिद्धांत निदान या टप्प्यापर्यंत चुकीचा ठरला. श्पेमान तेव्हा ज्या फ्रायबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते, तिथेच वाइझमान यांनी हयात घालवली होती.

साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला. सोळा पेशींच्या भ्रूणाचे ठीक, पण त्याहून मोठ्या भ्रूणाच्या पेशीचे काय? पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या पेशीचे काय?

हिल्ड प्रोशोल्ड

दरम्यान पाठीकडच्या त्या खास भागाचा शोध चालूच होता. रोस्टॉक आणि बर्लिन इथे काम करून श्पेमान १९१९मध्ये फ्रायबुर्गला आले. पुढच्या वर्षी हिल्ड प्रोशोल्ड ही गोथा शहरातली २१-२२ वर्षांची विद्यार्थिनी त्यांच्याकडे पीएच.डी.साठी दाखल झाली. फ्रँकफर्टला श्पेमान यांचे व्याख्यान ऐकून ती या विषयाकडे ओढली गेली होती. तिला दिलेले पहिले काम हायड्रा या सूक्ष्म जलचरावरचे होते. ते काही केल्या जमेना. मग १९२१च्या वसंतात तिला न्यूटच्या भ्रूणाचा प्रयोग मिळाला.

भ्रूणाच्या गोळ्यावर एका टप्प्याला छोटी खाच पडते आणि पेशी तिथून आत शिरू लागतात. त्या खाचेच्या पाठीकडच्या ओठाचा लहानसा तुकडा काढून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवायचा, असे काम होते. खुबी प्राण्यांच्या निवडीत होती. तुकडा फिक्या रंगाच्या जातीच्या न्यूटचा आणि तो बसवायचा गडद रंगाच्या जातीच्या न्यूटमध्ये. त्यामुळे नंतर कोणती पेशी पाहुण्याची आणि कोणती यजमानाची, हे रंगावरून ओळखता येणार होते.

जंतुसंसर्ग रोखणारी प्रतिजैविके अजून आली नव्हती. शस्त्रक्रिया झालेले भ्रूण शेकड्यांनी मरत. दोन हंगामांच्या कामातून सविस्तर वर्णन करण्याजोगी अवघी सहा उदाहरणे हाती लागली. पण त्या सहांत उत्तर होते. यजमान भ्रूणाच्या पोटावर दुसरा भ्रूण उगवला होता आणि त्याची मज्जारज्जू, स्नायू हे बहुतांशी यजमानाच्याच गडद पेशींचे बनले होते. पोटाची कातडी होऊ घातलेल्या पेशींना त्या इवल्या तुकड्याने मज्जासंस्था व्हायला लावले होते. श्पेमान यांनी त्याला संयोजक असे नाव दिले.

हिल्डने याच काळात श्पेमान यांचे सहायक ओटो मांगोल्ड यांच्याशी लग्न केले. १९२३मध्ये तिला पीएच.डी. मिळाली. शोधनिबंध १९२४ साली छापायला गेला तेव्हा त्यावर पहिले नाव श्पेमान यांचे होते आणि दुसरे तिचे. त्याच प्रयोगशाळेतील पुरुष विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यांच्या एकट्याच्या नावावर निघत. हे तिला लागले होते, अशी आठवण तिचे सहाध्यायी व्हिक्टर हॅम्बुर्गर यांनी पुढे नोंदवली. कल्पना आणि तिची आखणी श्पेमान यांची होती, हे खरे. हात, डोळे आणि चिकाटी हिल्डची होती, हेही तितकेच खरे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे ती तान्ह्या मुलाला घेऊन बर्लिनला गेली. सप्टेंबर १९२४मध्ये घरातल्या स्टोव्हचा भडका उडून ती भाजली आणि त्यातच गेली. वय अवघे २५. आपल्या कामाने विज्ञानजगतात केवढी खळबळ माजवली, हे तिला पाहायला मिळाले नाही.

१९३५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल संयोजकाच्या शोधासाठी मिळाले ते एकट्या श्पेमान यांना. मृत व्यक्तीला हा सन्मान देण्याची प्रथा नाही. एखाद्या विद्यार्थ्याच्या पीएच.डी.च्या कामावर नोबेल मिळाल्याची जी मोजकी उदाहरणे आहेत, त्यांत हे मोडते. आज पाठ्यपुस्तकांत त्या रचनेला श्पेमान-मांगोल्ड संयोजक म्हणतात. तेवढी भरपाई उशिरा का होईना, झाली.

अखेरची वर्षे आणि एक कल्पना

नोबेल मिळाले तेव्हा जर्मनी हिटलरच्या हाती जाऊन दोन वर्षे झाली होती. ज्यू असलेले हॅम्बुर्गर १९३३मध्ये अमेरिकेत असतानाच फ्रायबुर्गमधील नोकरीला मुकले. ते परतले नाहीत. सालोमे ग्लुकसोन या दुसऱ्या ज्यू विद्यार्थिनीनेही देश सोडला. पुढे अमेरिकेत सालोमे वेल्श या नावाने त्यांनी उंदरांवरील आनुवंशिक संशोधनाचा पाया घातला. स्त्री विद्यार्थ्यांना श्पेमान दुय्यम कामे देत, अशी त्यांचीही तक्रार होती. श्पेमान जर्मनीतच राहिले.

संयोजकाचा पुढचा उलगडाही सोपा नव्हता. १९३२मध्ये असे दिसले की संयोजकाचा तुकडा मारून बसवला तरी तो काम करतो. म्हणजे त्यात एखादे रसायन असणार. अनेक प्रयोगशाळा ते शोधायला धावल्या आणि दमल्या, कारण ज्यांचा संबंध नाही अशी कितीतरी द्रव्येही तोच परिणाम घडवत होती. खरी रेणवीय उत्तरे १९९०च्या दशकात मिळाली. नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिने सापडली आणि कळले की संयोजक मुख्यतः हुकूम देतच नाही, तर हुकूम अडवतो. शेजारच्या पेशींना त्वचा व्हा असा जो संदेश मिळत असतो, तो तो रोखतो आणि मग त्या पेशी मज्जासंस्थेच्या वाटेला लागतात.

मानवी गर्भातही तिसऱ्या आठवड्यात अशीच रचना तयार होते. तिच्या प्रभावाखाली मज्जानलिकेची सुरुवात होते आणि गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत ती नलिका मिटते. ती नीट मिटली नाही तर बाळाच्या कण्यात किंवा मेंदूत जन्मजात दोष राहतो. अनेकदा आपण गरोदर आहोत हे बाईला कळण्याआधीच हा टप्पा उलटून गेलेला असतो. म्हणूनच फोलिक ॲसिडच्या गोळ्या गरोदरपणाच्या आधीपासून घ्यायला सांगतात.

केंद्रकाचा प्रश्न श्पेमान यांनी सोडला नव्हता. अमेरिकेतील येल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांवर आधारित त्यांचे पुस्तक १९३८मध्ये इंग्रजीत आले. त्यात त्यांनी एक प्रयोग सुचवला: वाढ झालेल्या पेशीचे केंद्रक काढून ते केंद्रक नसलेल्या अंड्यात घालायचे आणि काय होते ते पाहायचे. हे अद्भुत वाटेल याची त्यांना कल्पना होती. केंद्रक इजा न करता कसे काढायचे आणि कसे घालायचे, याचा मार्ग त्यांना दिसत नव्हता. केसाच्या फासाने ते होण्यासारखे नव्हते. सप्टेंबर १९४१मध्ये, महायुद्ध पेटलेले असताना, फ्रायबुर्गजवळ त्यांचे निधन झाले. वय ७२.

डॉलीपर्यंत

अकरा वर्षांनी, १९५२मध्ये, अमेरिकेत फिलाडेल्फियाला रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी काचेच्या बारीक नळीने बेडकाच्या भ्रूणातील केंद्रक अंड्यात घातले आणि त्यातून बेडूकमासे तयार झाले. पण भ्रूण जितका वाढलेला, तितके यश कमी. वाढीबरोबर आराखडा कायमचा बंद होतो की काय, अशी शंका बळावली. १९६२मध्ये ऑक्सफर्डच्या जॉन गर्डन यांनी बेडूकमाशाच्या आतड्याच्या पेशीतले केंद्रक वापरून बेडूक घडवले आणि शंका सैल केली.

सस्तन प्राणी त्याहून अवघड होते. त्यांचे अंडे एक दशांश मिलिमीटर असते आणि भ्रूण वाढवायला गर्भाशय लागते. एडिंबराजवळच्या रोझलिन संस्थेत इयन विल्मट आणि कीथ कॅम्पबेल यांनी सहा वर्षांच्या मेंढीच्या स्तनग्रंथीतील पेशी घेतल्या. त्यांना काही दिवस उपाशी ठेवून त्यांचे विभाजन थांबवले, केंद्रक काढलेल्या अंड्याला त्या लावल्या आणि विजेच्या झटक्याने दोन्ही जोडले. २७७ जोडण्यांतून २९ भ्रूण तयार झाले. ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात सोडले आणि ५ जुलै १९९६ रोजी एक कोकरू जन्मले. श्पेमान यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले: पूर्ण वाढलेल्या पेशीतही सातबारा शाबूत असतो. त्याची बरीच पाने मिटलेली असतात आणि अंड्यातील पेशीद्रव ती पुन्हा उघडू शकतो.

ही पाने दरवेळी नीट उघडत नाहीत. म्हणूनच २७७तून एक. क्लोन केलेल्या जनावरांत गर्भपात, आकाराने अवाजवी मोठी पिल्ले आणि जन्मानंतर लवकर मृत्यू हे प्रकार वारंवार दिसले. २००९मध्ये हरियाणातील कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत म्हशीचे क्लोन केलेले पहिले रेडकू काही दिवसच जगले. त्याच वर्षी नंतर गरिमा जन्मली. तिथली पद्धत सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्याने, हातानेच अंड्यातले केंद्रक कापून काढण्याची होती. एवढे अपयश माणसाच्या बाबतीत पत्करणे कोणत्याही वैद्यकाला मान्य होणार नाही. मानवी क्लोनिंगला जगभर जो विरोध आहे, त्यामागे नीतीबरोबर हे आकडेही आहेत.

उपचारांसाठी उपयोगी ठरली ती याच विचाराची दुसरी शाखा. पेशीद्रव मिटलेली पाने उघडतो, तर तेच काम अंड्याशिवाय करता येईल का? जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६मध्ये उंदराच्या त्वचेच्या पेशीत केवळ चार जनुके घालून तिला भ्रूणावस्थेसारख्या स्थितीत परत नेले. २०१२चे नोबेल त्यांना आणि गर्डन यांना मिळून मिळाले. २०१४मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या स्वतःच्या पेशी अशा मागे नेऊन, त्यांपासून दृष्टिपटलाचा थर तयार करून तो तिच्याच डोळ्यात बसवण्यात आला. हायडेलबर्गला वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याला न्यूटच्या डोळ्यातल्या भिंगाचा प्रश्न पडला, त्याला तेव्हा सव्वाशे वर्षे होत आली होती.